गीताबाईची शिसारी

कारभारीच्या गालाला भोक पडलं त्या उन्हाळ्यात हर्सूलचा तलाव पार आटला होता. तळाच्या चिखलात मासे सडले होते आणि तिकडून वारा सुटला की अख्ख्या वस्तीला मळमळायचं. बाया तोंडाला पदर लावून महापालिकेच्या नावानं बोटं मोडायच्या. गीताबाईला मात्र त्या माशांचं काहीच वाटायचं नाही. त्याहून वाईट वास तिच्या घरात, पत्र्याखाली, बाजेवर पडलेला होता. त्याला ती गेली वीसेक वर्षं मालक म्हणत आली होती.

माणसं मूळची पिशोरकडची, मेंढरं राखणारी. पावसाळा संपला की कळप घेऊन निघायचं, खतासाठी कुणाच्या रानात बसवायचा, पुढं जायचं, असं त्यांचं आयुष्य. मग ओळीनं कोरडी वर्षं आली. डोंगराला गवताची काडी राहिली नाही. एका सकाळी गीताबाई पाणी शोधायला गेली आणि माघारी आली तर कळप नव्हता. कारभारीनं तिला न विचारता सगळी मेंढरं खाटकाच्या गाडीत चढवली होती. तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली दोन कोकरंसुद्धा. ती बोलायला गेली तर तो तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सारत म्हणाला, "तुला काय कळतंय?"

तिथून ते शहराच्या कडेला आले. हर्सूलच्या पुढं फुलंब्री रस्त्याला शेतांचे तुकडे पडत होते. ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा ओढल्या जात होत्या आणि त्या रेघांवर घरं उभी राहत होती. नळ नाही, गटार नाही, टँकर आला तर पाणी. आणि त्याच रस्त्यावर मोठ्या मोठ्या पाट्या लागल्या होत्या, निळ्याशार पाण्यात पोहणाऱ्या गोऱ्या पोरांच्या, खाली फ्लॅटच्या बुकिंगचा नंबर. गीताबाई डोक्यावर विटा घेऊन त्या पाट्यांखालून जायची तेव्हा तिला थुंकावंसं वाटायचं. पण थुंकण्याचं काम घरात दुसऱ्यानंच घेतलं होतं. कारभारी एका बांधकामावर राखण करायचा आणि दिवसभर पुड्या फोडायचा. घराची भिंत, न्हाणीचा कोपरा, बाजेचा पाया, सगळीकडं तो लाल ओघळ. ती घासायची, तो परत थुंकायचा.

आधी गालात पांढरा चट्टा आला. मग तोंड उघडेना. मग गाठ. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं ऑपरेशन सांगितलं, पुन्हापुन्हा समजावलं, तारीख दिली. त्या तारखेच्या आदल्या दिवशी कारभारी पळून पिशोरला जाऊन बसला. परत आला तेव्हा गाल फुटला होता.

चहा पाजला की गालातून बाहेर यायचा. पिवळं, मग हिरवट, मग काळं असं काहीतरी दिवसभर झिरपत राहायचं. माशा उठता उठत नव्हत्या. गीताबाईनं पदर नाकावर बांधून बघितला, कापराची वडी नाकाशी धरून बघितली. शेवटी ती तोंडानं श्वास घ्यायला लागली, तर तो वास जिभेवर चव होऊन बसला. वरणाकडं बघितलं की तिला पू दिसायचा. ती कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची आणि तीही कधीकधी बाहेर यायची. लेक प्रांजली कॉलेजला जायची. एक दिवस ती घरी आली आणि दप्तर फेकून म्हणाली, "माय, माझ्या बाकावर आता कुणीच बसत नाय. मपल्या केसांतून वास येतोय म्हणे."

गीताबाईनं तिला जवळ घेतलं नाही. तिलाही तो वास आला होता.

तिला सगळ्यात जास्त किळस यायची ती बघायला येणाऱ्यांची. दीर कडुबा महिन्यातून एकदा यायचा. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही, घरचं पाणी प्यायचा नाही. दारातल्या खुर्चीवर बसून उसासा टाकायचा, "देव परीक्षा बघतोय, वयनी. मागच्या जन्माचं असतंय हे. भोगून संपवायचं." एवढं म्हणायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर पिचकारी मारायचा. तीच पुडी, तोच लाल रंग. गीताबाई त्या ओघळाकडं बघत राहायची. आपण या माणसाच्या थोबाडात मारली तर देवाला वाईट वाटेल का, असा प्रश्न तिला खरोखर पडायचा.

याच कडुबानं त्यांना फुलंब्रीच्या अलीकडं एका मठात नेलं. तिथले महाराज ध्यान शिकवतात, ध्यानानं दुखणं पळतं, असं त्याला कुणी सांगितलं होतं. मठाला थंड हवेचा हॉल होता, पांढऱ्या गाद्या होत्या, शहरातून गाड्या घेऊन आलेले लोक डोळे मिटून बसले होते. कारभारी आत आला तशी मागच्या रांगेत चुळबुळ झाली. एका सेवेकऱ्यानं येऊन त्याच्या अंगावर, सरळ अंगावर, अत्तराचा फवारा मारला. मग हसून, हात जोडून, दोघांना बाहेर चपलांच्या मांडणीजवळ बसवलं. आतून महाराजांचा आवाज येत होता, "शरीर म्हणजे तुम्ही नाही. वेदना हा भ्रम आहे." अत्तर जखमेत गेलं होतं. कारभारी दोन्ही हातांनी गाल धरून, तोंडातून शब्द फुटत नसल्यामुळं, जनावरासारखा घुमत होता.

गीताबाईनं त्याला उठवलं. कडुबा मागून म्हणाला, "प्रसाद तरी घेऊन जा, वयनी." तिनं वळून पाहिलं नाही.

परतीला काळीपिवळी जीप मिळाली. जरा पुढं गेल्यावर मागच्या बाया खाकरायला लागल्या, एकीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, एक बाप्या म्हणाला, "ए भाई, इनको उतारो, नहीं तो हम उतरते." ड्रायव्हरनं गाडी थांबवली. त्याला वाईट वाटत होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण गाडी त्यानं थांबवली. दोघं उन्हात उतरली. आणि त्यांच्या मागून, हातात भाजीची पिशवी घेऊन, एक म्हातारीही उतरली.

ती मुक्ताबाई. वस्तीच्या टोकाला तिचं घर होतं. या सगळ्या प्लॉटांखालची जमीन एकेकाळी तिच्या सासऱ्याची. पोरांनी ती विकून शहरात दुकानं टाकली होती आणि म्हातारी मात्र उरलेल्या खोलीत हटून राहिली होती. गीताबाईला ती तोंडओळखीची होती, एवढंच. मुक्ताबाईनं पदर नाकाला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "बाई गं, वास लई घाण येतोय."

गीताबाई थबकली. इतक्या दिवसांत हे तिच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. लोक सरकायचे, खिडक्या उघडायचे, कामं आठवायचे, देवाचं नाव काढायचे. वास येतो असं कुणी म्हणायचं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "लई घाण येतोय, मावशी. मला तर रात्रंदिवस येतोय." आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून ती ओकली. मुक्ताबाईनं पिशवी खाली ठेवून तिच्या पाठीवर हात फिरवला. मग तिघं पायी निघाली.

वस्तीत मारुतीचं एक पत्र्याचं देऊळ होतं. सांजच्याला मुक्ताबाई तिथं बायांना जमवून हरिपाठ म्हणायची. तो झाला की सगळ्या जणी डोळे मिटून, काही न बोलता, थोडा वेळ बसून राहायच्या. मुक्ताबाईनं गीताबाईला बोलावलं. "नाव घे कोणतंबी. तुझा खंडोबा असंल तर खंडोबाचं घे. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढ्याकडं बघायचं. दुसरं काय नाय."

गीताबाई गेली. खंडोबाशी तिचं बोलणं बंद होतं. शहराशेजारच्या सातारा गावातल्या त्याच्या देवळात नवस बोलून, भंडारा उधळूनही त्यानं तोंड फिरवलं होतं, म्हणून तिनंही फिरवलं होतं. तरी डोळे मिटून तिनं नाव घेतलं. श्वास आत आला आणि श्वासाबरोबर तो वास आला. पदरातून, बोटांच्या पेरांतून, कुठून कोण जाणे. इथंसुद्धा. तिनं घाईनं तोंड उघडलं, उठली आणि चालती झाली.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई दारात हजर. "पळालीस कामून?"

"श्वासाकडं बघ म्हणता. माझ्या श्वासात दुसरं काय हाय का? मी महिने झाले नाकानं श्वास घेतला नाय, मावशी."

"मग घे."

"तुमाला बोलायला काय जातंय?"

मुक्ताबाई पायरीवर बसली. "माझी सासू पाठीला भोकं पडून मेली," ती म्हणाली. "आत हात जाईल येवढाली. मी रोज ओकायचे. ओकून यायचे अन् परत बसायचे. लोक म्हणायचे, मुक्ता, तुला पुण्य लागंल. मला त्यांच्या पुण्याची जास्त ओकारी यायची. बसून बसून मला देव-बिव काय दिसला नाय. पण पळायचं बंद झालं. तेवढंच. यायचं तर ये, नाय तर राहू दे."

सांजच्याला गीताबाई परत देवळात गेली. खरं तर घरातून थोडा वेळ बाहेर पडायला मिळतं म्हणून गेली. नाकानं श्वास घ्यायचा, वास आला तर येऊ द्यायचा, पोटात ढवळलं तर ढवळू द्यायचं. कधी तिला रडू यायचं, कधी झोप, बहुतेक वेळा नुसता संताप. शेजारची बाई मांडी बदलताना सुस्कारा टाकायची त्याचाही संताप.

असंच बसलेली असताना एकदा तिला मेंढरं आठवली. पावसाळ्यात मेंढरांच्या खुरांत, शेपटाखाली जखमा व्हायच्या, किडे पडायचे. ती मेंढरू मांडीवर आडवं घ्यायची, काडीनं एकेक किडा वेचायची, सीताफळाचा पाला ठेचून जखमेत दाबायची आणि त्याच हातांनी, जरा धुऊन, भाकरी खायची. वास तर तेव्हाही होता. सडका, असाच. मग तेव्हा कधी ओकारी कशी आली नाही?

या प्रश्नानं तिला धरलं ते सोडेना. श्वास येत होता, जात होता आणि खालून काहीतरी वर येत होतं. पिशोरकडची एक विहीर. विहिरीवर जमलेल्या बाया. कशावरून तरी बोलाचाली झाली होती, कशावरून ते आता आठवत नव्हतं, आणि कारभारीनं सगळ्यांच्या देखत तिच्या तोंडावर पचकन थुंकलं होतं. गरम, लाल, सुपारीचे कण असलेलं. तिनं ते पदरानं पुसलं होतं, घागर उचलली होती आणि घरी येऊन स्वैपाक केला होता. प्रांजली तेव्हा पोटात होती.

जखम तर आत्ता झाली होती. शिसारी तेव्हाचीच होती.

तिला त्याची घाण वाटली आणि स्वतःचीही घाण वाटली, की इतकी वर्षं हे पोटात घालून आपण याच्या ताटात भाकरी वाढली. मुक्ताबाईनं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं आणि परत मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रांजली कॉलेजात असताना, गीताबाई बाजेजवळ बसली. पदर नाकावरून काढला. कारभारी भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"इकडं बघा," ती म्हणाली. त्यानं मान वळवली. "मला तुमची शिसारी येते. जखमेची नाय. किडे पडलेली मेंढरं धुतली मी, मला जखमेचं काय वाटतंय? तुमची येते. विहिरीवर माझ्या तोंडावर थुंकले होते तवापासनं येते. मेंढरं इकली तवाबी आली. म्या सांगितलं नाय कधी. आता सांगते."

कारभारी तिच्याकडं बघत राहिला. बोलता तर येतच नव्हतं. मग त्यानं मान हलवली. पिशोरच्या बाजारात कुणी जनावराची खोड अचूक ओळखली की हलवायचा, तशी. हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी आणलं नाही. मानेनंच नुसतं व्हय म्हटलं.

तिला त्या मानेचाही राग आला. एवढं सोपं होतं तर वीस वर्षं कुठं होती ही मान? ती बाहेर जाऊन पायरीवर बसली, पोटभर रडली. रडून झाल्यावर तिनं पाणी कोमट केलं, दवाखान्यातल्या नर्सबाईनं वास कमी व्हायला दिलेल्या गोळ्या कुटून जखमेत भरायची पूड केली आणि आत येऊन जखम धुवायला घेतली. मेंढराचं डोकं घ्यायची तसं तिनं त्याचं डोकं मांडीवर आडवं घेतलं. तिनं नाकानं श्वास घेतला, सोडला. अर्धी जखम धुऊन झाल्यावर तिला बाहेर जाऊन ओकावं लागलं. परत येऊन तिनं उरलेली धुतली.

अडचण पाण्याची होती. जखमेच्या चिंध्या रोज उकळून धुवाव्या लागत आणि टँकर येईल तेव्हा येई. एकदा मुक्ताबाईनं तिला भांडी विसळलेल्या पाण्यात चिंध्या चुबकताना पाहिलं. त्या सांजेला हरिपाठ सुरू व्हायच्या आधी ती बायांना म्हणाली, "तिथं गीता खरकट्या पाण्यात जखमेचं फडकं धुतेय अन् इथं आपण मारुतीचा ओटा धुतोय. लाज वाटंना का आपल्याला?"

एक बाई तटकन उठली. "रोज त्या घरातनं उठून ही देवळात येती, तेच आम्हाला पटत नाय. विटाळ हाय तो."

"मग तू नको येऊ," मुक्ताबाई म्हणाली. "मारुतीला नाक हाय का नाय, ते मी बघते."

ती बाई खरंच परत आली नाही. तिच्याबरोबर आणखी दोघी गेल्या. उरल्या त्या आपापल्या टिपाडात साठवलेलं पाणी घागरीनं गीताबाईच्या दारात आणून ओतायला लागल्या. दुष्काळात पाणी देणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक होतं. त्यातल्या काही नाक दाबून यायच्या, घाईत ओतायच्या, पळायच्या. गीताबाईला त्यांचा राग यायचा नाही. त्या पाणी आणत होत्या आणि देवाचं नाव काढत नव्हत्या.

पुढं कारभारीला एकटं ठेवता येईना, तेव्हा मुक्ताबाईनं बसायची जागाच बदलली. सात-आठ बाया गीताबाईच्या अंगणात, बाहेर काढलेल्या बाजेच्या अंगाला, चटयांवर बसायला लागल्या. पहिल्या सांजेला एकीला चक्कर आली, एक मधूनच उठून गेली. कारभारी बाजेच्या लाकडावर बोटांनी ताल धरायचा आणि तोही चुकीचा. तो कधीच तालात नव्हता. हरिपाठ त्याच्यामुळं पुढंमागं व्हायचा, मुक्ताबाई डोळे वटारायची आणि प्रांजलीला हसू फुटायचं. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं ते असं. प्रांजली रात्री शेजारणीकडं झोपायला जायची, ती परत घरात झोपायला लागली.

कारभारी दिवाळीच्या आधी एका सकाळी गेला. गीताबाई गोळ्या कुटत होती. तिनं स्वतः त्याचं तोंड धुतलं. कडुबा आला, अंतर राखून उभा राहिला आणि म्हणाला, "वयनी, गालावर झेंडूची फुलं तरी घाला, लोक बघायलेत."

"बघू द्या," ती म्हणाली. "अन् भावजी, तोंडातलं थुंकून या. रस्त्यावर. माझ्या भिंतीवर नाय."

दहाव्याला कडुबानं कुठूनसा एक प्रवचनकार आणला. तो माइकवरून सांगायला लागला, दुःख हा देवाचा प्रसाद आहे, कारभारीरावांना तो भरभरून मिळाला, गीताबाई किती भाग्यवान. गीताबाई उठून उभी राहिली. "म्या हातानं धुतलंय ते, महाराज," ती म्हणाली. "प्रसाद नव्हता तो. पू होता." कडुबानं मान खाली घातली. मुक्ताबाई पहिल्या रांगेत बसून सुपारी कातरत होती. ती कातरत राहिली.

तिथून गीताबाईचं खंडोबाशी बोलणं पुन्हा सुरू झालं. साताऱ्याला गेली तेव्हा नवस नाही, मागणं नाही. भंडारा लावला, पाठ टेकून बसली, श्वास घेतला. एवढंच तिनं सांगितलं मुक्ताबाईला. आणखी काही घडलं असेल तर तिचं तिला माहीत.

वस्ती पुढं शहरात गेली. सिमेंटचा रस्ता आला, पाट्यांवरची इमारत खरंच उभी राहिली. तिच्यातला पोहायचा तलाव कोरडाच होता आणि त्यात वॉचमनची पोरं क्रिकेट खेळायची. कुठं कुणाची जखम सडली, कुणाला पाठीला भोकं पडली की लोक गीताबाईला हाक मारायला लागले. महिला दिनाला कुणी पुढारी शाल-नारळ घेऊन तिच्या दारात आला, तर तिनं दार लावून घेतलं. सेवाभाव, त्यागमूर्ती असले शब्द ऐकले की अजून तिच्या पोटात ढवळतं.

परवा तिला त्याच इमारतीतून बोलावणं आलं. नानासाहेब नावाचे एक म्हातारे, एकेकाळचे बागाईतदार, साखरेनं पाय सडलेला. सून संस्कृती दारातच सुगंधाची बाटली घेऊन उभी होती आणि खोलीत फवारत होती. गुलाब आणि सडका पाय, दोन्ही मिळून असा काही दर्प झाला होता की गीताबाईला उंबऱ्यातच उमळून आलं.

"ते आधी बंद करा, ताई," ती म्हणाली, "अन् खिडकी उघडा."

"सवय झाली असेल ना तुम्हाला आता?" संस्कृतीनं विचारलं.

"नाय. याची सवय होत नाय. लई घाण वास येतोय." पलंगावरचे नानासाहेब हे ऐकून दचकले आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्यांनी चादरीखाली लपवलेला पाय बाहेर काढला. खिडकीतून समोरच्या नव्या बांधकामाची धूळ आत आली. गीताबाईनं पदर कमरेला खोचला, नाकानं एक श्वास घेतला आणि कोमट पाण्याची बादली जवळ ओढली.